रक्तातील गिरमिट : सर्रा रोगाचा परजीवी हालतो कसा?

राहाता तालुक्याची शेती ही कालव्यांच्या पाण्यावर उभी राहिलेली शेती आहे. एका बाजूने गोदावरीचा उजवा कालवा, तर लोणीच्या बाजूला प्रवरेचे कालवे. या पाण्याने ऊस आला, पेरूच्या बागा आल्या, घासाचे हिरवे वाफे आले आणि वस्तीवस्तीवर दावणीला संकरित गाई आल्या. आज या भागातील अनेक कुटुंबांचा दैनंदिन खर्च दुधाच्या पैशावर चालतो. गोठ्यातील एक गाय आजारी पडणे ही अशा कुटुंबाच्या दृष्टीने किरकोळ घटना नव्हे.

परंतु पाण्याबरोबर ओलावा येतो, आणि ओलसर, झाडोऱ्याच्या जागी चावऱ्या माश्यांची पैदास होते. त्यांपैकी मोठ्या, वेदनादायक चावा घेणाऱ्या माशीस आपण डांस म्हणतो. पावसाळ्यात व तो सरल्यावर तिचा उपद्रव वाढतो. अशा दिवसांत एखादी गाय दोन दिवस तापते, मग बरी झाल्यासारखी वाटते, पुन्हा तापते. दूध उतरते, अंग सुकत जाते, पायांवर व पोटाखाली सूज दिसते. कधी ती जागच्या जागी गोल फिरते किंवा गव्हाणीवर डोके दाबून उभी राहते. या लक्षणांमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतील एक कारण म्हणजे सर्रा हा रोग. तो ज्या एकपेशीय परजीवीमुळे होतो, त्याची हालचाल हा या लेखाचा विषय आहे. ही हालचाल समजून घेणे केवळ विज्ञानाच्या जिज्ञासेसाठी नव्हे, तर रोगनिदानासाठीही उपयोगी आहे.

रोगाचा आणि नावाचा इतिहास

इ. स. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबातील, आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माइल खान येथे सर्रा झालेल्या घोड्यांचे व उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात त्यांना वळवळणारे जीव दिसले. रोग उत्पन्न करणारा ट्रिपॅनोसोमा जगात प्रथम आढळला तो येथे. इव्हान्स यांच्या नावावरून त्यास ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. घोडे व उंट यांना हा रोग फार बाधतो आणि उपचार न झाल्यास घोडा बहुधा दगावतो. गाई-म्हशींत मात्र तो पुष्कळदा दबून राहतो व हळूहळू जनावर पोखरतो.

ट्रिपॅनोसोमा हे नाव त्याही आधीचे आहे. १८४३ मध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी बेडकाच्या रक्तात असा जीव पाहिला आणि ग्रीक भाषेतील दोन शब्द जोडून त्यास हे नाव दिले. त्याचा अर्थ 'गिरमिटासारखे शरीर असलेला'. सुतार लाकडात भोक पाडण्यासाठी जे गिरमिट फिरवतो, त्याप्रमाणे हा जीव रक्तात पिळे घेत पुढे जातो असे ग्रुबी यांना दिसले.

या परजीवीचा महाराष्ट्राशी एक विशेष संबंध आहे. निरोगी माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते, ते ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीला मारून टाकते. त्यामुळे हा रोग माणसाला होत नाही असेच मानले जाई. परंतु २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात, वारंवार येणाऱ्या तापाच्या तपासणीत, हाच परजीवी आढळला. माणसात या जातीचा संसर्ग निःसंशय सिद्ध झाल्याची ही जगातील पहिली नोंद म्हणून २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. पुढे २००६ मध्ये असे स्पष्ट झाले की, अपोलायपोप्रोटीन एल-१ हे संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते. गावातील लोकांच्या रक्ताच्या पाहणीत इतर कोणाच्याही रक्तात जिवंत परजीवी सापडला नाही. म्हणजे सर्वसाधारण माणसाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र जनावरांचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य यांत भिंत नाही, हे या घटनेवरून लक्षात येते.

पाणी काकवीसारखे होते तेव्हा

ट्रिपॅनोसोमाची लांबी सुमारे २० ते ३० मायक्रोमीटर असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो सेकंदाला साधारण १० ते २० मायक्रोमीटर पुढे सरकतो. म्हणजे एक मिलिमीटर अंतर कापण्यास त्यास एक ते दीड मिनिट लागते. हा वेग क्षुल्लक वाटेल, पण तो साधण्यासाठी त्यास ज्या अडचणीवर मात करावी लागते ती आपल्या अनुभवाबाहेरची आहे.

माणूस विहिरीत पोहतो तेव्हा हातपाय थांबवल्यावरही थोडा पुढे जातो. हे जडत्वामुळे घडते. पाण्याचा चिकटपणा, ज्यास शास्त्रात श्यानता म्हणतात, त्यास अडवतो. पण मोठ्या शरीराच्या जडत्वापुढे तो दुबळा ठरतो. जडत्व आणि श्यानता यांच्या या प्रमाणास रेनॉल्ड्स अंक म्हणतात. पोहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा अंक हजारोंच्या घरात असतो; ट्रिपॅनोसोमाच्या बाबतीत तो एकाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. शरीर लहान होत गेले की जडत्व झपाट्याने नाहीसे होते आणि श्यानतेचे राज्य सुरू होते. या जीवाने हालचाल थांबवली, तर तो एका अणूच्या व्यासाइतकासुद्धा पुढे न जाता तत्क्षणी थांबतो. आपल्या गुऱ्हाळातील काकवीच्या हौदात एखाद्याने अत्यंत सावकाश पोहण्याचा यत्न करावा, तशी काहीशी ही अवस्था आहे.

बिजागरी आणि लाट

अशा परिस्थितीत पोहण्याचे आपले नेहमीचे उपाय चालत नाहीत. भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ मधील एका व्याख्यानात हा मुद्दा शिंपल्याच्या उदाहरणाने मांडला. शिंपल्याला एकच बिजागरी असते. तो जलद मिटतो व सावकाश उघडतो आणि त्यामुळे समुद्रात पुढे जातो. परंतु तोच शिंपला सूक्ष्म जीवाएवढा लहान केला, तर मिटताना जेवढा पुढे जाईल तेवढाच उघडताना मागे येईल. हालचाल जलद केली किंवा सावकाश केली, याने काही फरक पडत नाही. जी हालचाल उलट क्रमानेही तशीच दिसते, ती येथे व्यर्थ जाते.

मग उपाय कोणता? उपाय म्हणजे लाट. अंगणात पडलेल्या दोराचे एक टोक हलवले की लाट दुसऱ्या टोकाकडे धावते. तिचा क्रम उलटा केल्यास ती उलट्या दिशेने धावेल; म्हणजे लाटेस स्वतःची दिशा असते. हेच काम परजीवीच्या अंगावरील चाबकासारखा तंतू करतो. संस्कृतात 'कशा' म्हणजे चाबूक. त्यावरून या तंतूस कशाभिका म्हणतात.

लाटेमुळे पुढे जाण्यास बळ कसे मिळते, हेही काकवीच्या साहाय्याने समजते. एक बारीक काठी काकवीत उभी धरून लांबीच्या दिशेने ओढावी, नंतर आडवी धरून ओढावी. आडवी ओढताना जवळजवळ दुप्पट जोर लागतो. आता तीच काठी तिरपी धरून ढकलली, तर ती सरळ न जाता आपल्या लांबीच्या दिशेने घसरू पाहते. कशाभिकेवरील लाटेचा प्रत्येक लहानसा भाग म्हणजे अशी एक तिरपी काठीच होय. हे सर्व भाग द्रवाला एकाच बाजूस रेटतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून जीव विरुद्ध बाजूस सरकतो.

कशाभिकेच्या आतील रचना

कशाभिका इतकी बारीक असते की, माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा सुमारे ३०० कशाभिका शेजारी शेजारी बसतील. तरीही तिच्या आत एक पूर्ण यंत्र आहे. मध्यभागी दोन सूक्ष्म नलिका आणि भोवती नऊ जोडनलिकांचे कडे, अशी ही रचना असते. हीच 'नऊ अधिक दोन' रचना माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीत असते आणि आपल्या श्वासनलिकेतील धूळ बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांतही असते. निसर्गाने फार पूर्वी घडवलेले हे यंत्र आजही परजीवी आणि त्याचा यजमान या दोघांतही चालू आहे.

प्रत्येक जोडनलिकेवर डायनीन नावाच्या प्रथिनाचे हात असतात. एटीपी या रासायनिक इंधनाच्या शक्तीवर हे हात शेजारच्या नलिकेला धरून, काही नॅनोमीटरच्या पावलांनी, ओढत नेतात. नलिका स्वतः आखडत नाहीत, तर त्या एकमेकींवरून घसरतात, हे १९७१ मध्ये समर्स व गिबन्स यांनी समुद्रातील साही या प्राण्याच्या शुक्राणूंवर प्रयोग करून दाखवले. नलिकांना बांधून ठेवणारे दुवे त्यांनी पाचक रसाने सैल केले आणि इंधन पुरवले. तेव्हा नलिका दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकींतून बाहेर सरकल्या.

दुवे शाबूत असताना मात्र अशा सरकण्याला वाव नसतो, आणि घसरण्याचे रूपांतर वाकण्यात होते. हे वर्गात सहज दाखवता येईल. एखादे जाड पुस्तक शिवणीच्या बाजूने घट्ट धरून वाकवावे. मोकळ्या बाजूची पाने एकमेकांवरून सरकलेली दिसतील. शिवण म्हणजे कशाभिकेचे बांधलेले मूळ आणि पाने म्हणजे तिच्यातील नलिका. एका बाजूचे हात ओढतात तेव्हा ती एकीकडे वाकते, दुसऱ्या बाजूचे ओढू लागले की दुसरीकडे. हे आलटून पालटून, सेकंदाला वीसच्या आसपास वेळा घडते. ट्रिपॅनोसोमामध्ये या नलिकांना लागून प्रथिनांची एक जाळीदार दोरीही असते. प्रयोगशाळेत ही दोरी बनू न दिल्यास जीव लुळा पडतो.

या सर्व खटाटोपास लागणारी शक्ती परजीवी कोठून मिळवतो? यजमानाच्या रक्तातील साखरेतून. दावणीच्या गाईने चारा खाऊन मिळवलेली साखर अंशतः या चाबकाच्या फटकाऱ्यांवर खर्च होते.

पुढे चाबूक, मागे शरीर

शुक्राणूची शेपटी मागे असते आणि लाट मुळाकडून टोकाकडे जाते. ट्रिपॅनोसोमाचे याच्या उलट आहे. त्याची कशाभिका शरीराच्या मागील भागातून निघते, अंगालगत चिकटून पुढे येते आणि पुढील टोकाशी थोडी मोकळी राहते. लाट या मोकळ्या टोकापासून सुरू होऊन मुळाकडे जाते, म्हणून चाबूक पुढे आणि शरीर मागे, अशी चाल होते. दिशा बदलावयाची असेल तेव्हा लाट काही काळ उलटी धावते.

कशाभिका अंगाला चिकटलेली असल्याने तिच्याबरोबर सारे शरीरच पिळवटते. गिरमिटाची उपमा येथूनच आली. मात्र ही उपमा पूर्णपणे जुळत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जलद छायाचित्रणाच्या साहाय्याने, डाव्या आणि उजव्या पिळाच्या लाटा या जीवाच्या अंगावरून आलटून पालटून जाताना दिसल्या. नाव दीडशे वर्षांहून अधिक जुने असले, तरी निरीक्षण अधिक बारकाईने झाले की नावामागील समजूत दुरुस्त करावी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. निव्वळ द्रवात हा जीव अनेकदा जागच्या जागी गडबडत राहतो. परंतु २०१२ मधील प्रयोगांत, तांबड्या रक्तपेशींइतक्या अंतरावर सूक्ष्म खांब रोवलेल्या पात्रात इव्हान्सीचा आफ्रिकेतील निकटचा भाऊबंद ट्रिपॅनोसोमा ब्रुसी सोडला असता, तो खांबांना रेटा देत अधिक वेगाने पुढे गेला. रक्तातील पेशींची गर्दी त्यास अडथळा न होता आधार होते.

पोहणे हेच चिलखत

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. रक्तप्रवाह परजीवीला शरीरभर वाहून नेतच असतो आणि त्याचा वेग परजीवीच्या स्वतःच्या वेगाहून कितीतरी अधिक असतो. मग सारखे पोहण्याचे प्रयोजन काय?

याचे एक उत्तर २००७ मध्ये मिळाले, तेही ट्रिपॅनोसोमा ब्रुसीवरील प्रयोगांतून. या जीवाच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचा दाट थर असतो. यजमानाच्या शरीरातील प्रतिपिंडे शत्रूची ओळख पटवून या थराला येऊन चिकटतात. पण परजीवी पुढे पोहत असतो, त्यामुळे भोवतीचा द्रव त्याच्या अंगावरून मागे सरकतो. या ओढीने, शीड वाऱ्याने ओढले जावे तशी, चिकटलेली प्रतिपिंडे मागील टोकाकडे लोटली जातात. तेथे कशाभिकेच्या मुळाशी एक खिसा असतो. त्या खिशातून ती आत ओढून नष्ट केली जातात, आणि हे काम काही मिनिटांत उरकते. लुळ्या केलेल्या परजीवीला हे साधत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे जाण्याची शक्ती गमावलेले ट्रिपॅनोसोमा उंदरांत रोगाची पकड टिकवू शकले नाहीत, असे दिसून आले.

प्रतिपिंडांचे प्रमाण फार वाढले की मात्र हा उपाय पुरा पडत नाही आणि बहुसंख्य परजीवी मरतात. ताप उतरतो, शेतकऱ्यास गाय बरी झालीसे वाटते. परंतु काही परजीवींनी तेवढ्यात अंगावरील थर बदललेला असतो. यजमान त्यांना ओळखत नाही. त्यांची संख्या वाढते आणि ताप परत येतो. हा चढउतार आणि या बदलत्या थरामुळे सर्रा रोगावर अद्याप लस तयार होऊ शकलेली नाही. साहजिकच वेळेवर निदान, योग्य औषध आणि माश्यांपासून बचाव यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हालचालीवरून ओळख

येथवर जे पाहिले त्याचा व्यवहारात उपयोग असा की, जी हालचाल परजीवीचे बळ आहे, तीच त्याची ओळखही आहे. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशी एखाद्या ठिकाणी सारख्या ढकलल्या जाताना दिसतात. प्रथम परजीवी दिसत नाही, त्याने केलेली खळबळ दिसते. शेकडो स्थिर पेशींत हलणारी ही एक जागा अनुभवी पशुवैद्य तत्काळ हेरतो.

पण याला एक अट आहे. परजीवी जिवंत असला पाहिजे. उन्हात तापलेल्या, दिवसभर खिशात राहिलेल्या नमुन्यात कशाभिका थांबते, आणि ही खूण हाती लागत नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, ताप चढलेला असतानाच पशुवैद्यकास बोलवावे किंवा जनावर दवाखान्यात न्यावे. त्या वेळी रक्तात परजीवींची संख्या अधिक असते. दुसरी, पशुवैद्यकाने घेतलेला नमुना थंड ठेवून शक्य तितक्या लवकर तपासणीस पोचवावा. तिसरी, एकदा परजीवी न दिसल्यास रोग नाहीच, असे समजू नये. रंगवलेली काचपट्टी, रक्तद्रवाची परीक्षा व परजीवीच्या जनुकद्रव्याचा शोध घेणारी पीसीआर चाचणी यांची जोड त्यास देता येते. चौथी, औषधाची मात्रा जनावराच्या वजनानुसार पशुवैद्यकानेच ठरवावी. अपुऱ्या मात्रेने रोग उलटतो व परजीवी औषधास दाद देईनासा होतो.

प्रसाराची रीतही समजून घेतली पाहिजे. आफ्रिकेतील ट्रिपॅनोसोमाची वाढ त्से-त्से माशीच्या शरीरात होते. इव्हान्सीची वाढ माशीत होत नाही. डांसाचा चावा झोंबतो, जनावर शेपटी मारते, माशी अर्धवट जेवण सोडून शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेले रक्त तेथे पोचवते. एकच सुई पुसून अनेक जनावरांना टोचली, तर माणूसही डांसाचेच काम करीत असतो. म्हणून प्रत्येक जनावरास स्वतंत्र सुई वापरावी. गोठ्याभोवतीचे साचलेले पाणी, चिखल व झाडोरा काढावा. आजारी जनावर निराळे बांधावे आणि बाजारातून आणलेले जनावर काही दिवस अलग ठेवावे. मेलेल्या जनावराचे कच्चे मांस कुत्र्यांना मिळू देऊ नये, कारण त्यातूनही संसर्ग होतो. जनावराचे रक्त हाताळताना हातावरील उघड्या जखमा झाकाव्यात.

ग्रामपंचायत सदस्यांना शिबिरे, बाजारतळ व गावातील पाण्याचा निचरा यांच्या निमित्ताने या कामास हातभार लावता येईल. शिक्षकांनी वर्गात रक्ताचे नमुने मुळीच आणू नयेत. त्याऐवजी शेततळ्यातील हिरवट पाण्याचा थेंब घ्यावा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून त्यात युग्लीना हा निरुपद्रवी जीव कशाभिकेच्या बळावर पोहताना दिसू शकतो. ज्या मुलाने तो एकदा पाहिला, काकवीत काठी ओढून पाहिली आणि पुस्तकाची पाने सरकताना पाहिली, ते मूल घरी गेल्यावर गाईचा ताप उतरण्याची वाट पाहत बसणार नाही. ताप आहे तोवरच रक्त तपासून घ्या, असे ते वडिलांना सांगेल.